परचुरे सरांची रुपेरी रेघ

प्रज्ञेश सोनवणेला गाणं कळत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच्या घरी गाणं "जरा सपाट" वाजतं, असं परचुरे सर म्हणाले आणि त्याची झोप उडाली.

सपाट म्हणजे काय, ते सरांनी सांगितलं नाही. सर सांगत नसत. ते डोळे मिटत, मान किंचित तिरकी करत आणि एक शब्द टाकत. तो शब्द उचलून घरी न्यायचा आणि महिनाभर चघळत बसायचं, ही रविवारच्या श्रवण मंडळाची रीत होती. महिन्यातून एका रविवारी कुणा सभासदाच्या घरी जमायचं. त्याने नवं काही यंत्र आणलेलं असे, ते लावायचं. सगळ्यांनी डोळे मिटायचे. आधी परचुरे सर बोलणार, मग बाकीचे तेच आपापल्या शब्दांत बोलणार, आणि मग मिसळ. आणलेली वस्तू त्या पैशांच्या लायकीची आहे का, हे मात्र कुणी विचारायचं नाही. बारशाला गेल्यावर बाळ कुणावर गेलंय एवढंच बोलायचं असतं, तसंच हे.

प्रज्ञेशला हे मंडळ जिवापाड प्रिय होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं कारण संगीत नव्हतं. परचुरे सर पहिल्यांदा त्याच्या धायरीच्या फ्लॅटवर आले, तेव्हा दारात चपला काढता काढता त्यांची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. तिथे बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सोनवणे म्हणजे… आपण मूळचे कुठले?"

"मंगळवार पेठ, सर."

"अच्छा, अच्छा," सर म्हणाले. या दोन 'अच्छां'मध्ये काय काय मावतं, ते पुण्यात जन्मलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. मग खुर्चीत बसल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "यंत्रं काय हो, कुणीही आणतो. कान मात्र बाजारात मिळत नाही. तो घराण्यात असावा लागतो. आमच्या आजोबांच्या बैठकीत…" आणि मग आजोबांची बैठक बराच वेळ चालली.

प्रज्ञेशच्या घराण्यात वडील सुखदेव टेलिफोन खात्यात आणि आई यमुनाबाई महापालिकेच्या शाळेत बाई. दोन खोल्यांत एक ट्रान्झिस्टर होता, तोही बातम्यांपुरता. बाकी संगीत म्हणजे जयंतीला चौकात लागणारे कर्णे, आणि तिथे आवाजाबद्दल प्रश्न एवढाच असे, की मोठा की आणखी मोठा. त्या कर्ण्यांपुढे नाचलेला हा मुलगा इंजिनिअर झाला, नव्वदीत देशाची दारं उघडली तसा त्यातून अमेरिकेला गेला, आणि परत येऊन एकही इमारत न बांधता हिंजवडीत आर्किटेक्ट म्हणवून घेऊ लागला. त्याच उघड्या दारातून आता परदेशी स्पीकर त्याच्या घरी येत होते. परचुरे सरांकडून त्याला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी एकदा त्याच्या घरी बसून, डोळे मिटून म्हणावं, "सोनवणे, तुम्हाला कान आहे." पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असल्या प्रशस्तिपत्रासाठी झुरावं हे हास्यास्पद आहेच, पण झुरत होता बिचारा.

तर सपाट. प्रज्ञेशने इंटरनेट पालथं घातलं, कोरेगाव पार्कातल्या एका शोरूमला फोन लावला आणि रोगाचं निदान झालं. त्याच्याकडे प्रीॲम्प नव्हता.

प्रीॲम्प म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी जीव आहेत, पण पुढचं कळण्यापुरतं सांगायला हवं. प्रज्ञेशकडे गाणं इंटरनेटवरून यायचं. ते स्ट्रीमर नावाच्या एका डबीत उतरायचं, डबीतून ॲम्प्लिफायरमध्ये जायचं आणि तिथून स्पीकरमधून बाहेर पडायचं. आवाज कमी-जास्त करायची सोय त्या डबीतच होती. म्हणजे मुलगा-मुलगी पसंत, याद्या झालेल्या, कुणाचं काही अडलेलं नाही. आणि अशा ठरलेल्या लग्नात मधेच सोफ्यावर येऊन बसणारा मध्यस्थ म्हणजे प्रीॲम्प. तो गाण्यात काही घालत नाही, काही काढत नाही. उंची प्रीॲम्प हे काही न करण्याचं काम फार शुद्धपणे करतो म्हणतात, आणि त्यासाठी एका बऱ्यापैकी मोटारीएवढे पैसे घेतो.

"घेऊच नका, सर," शोरूमचा जयसिंग फोनवर म्हणाला. "पंधरा दिवस घरी ठेवा, ऐका. नाही पटलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. अजून कुणाकडे जायची वेळ आलेली नाही."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते यमुनाबाईंपाशी.

सुखदेव गेल्यापासून त्या मंगळवार पेठेतल्या घरी एकट्याच राहत, आणि ती इमारत आता बिल्डरने पाडायला घेतली होती. नवी उभी राहीपर्यंत त्या मुलाकडे राहणार, हे ओघानेच आलं. धायरीच्या फ्लॅटला दोन बेडरूम. एकीत प्रज्ञेश आणि त्याची बायको सोनाली राहत, दुसरीत गाणं राहत होतं. त्या खोलीच्या भिंतींना स्पंज चिकटवलेला होता, खिडकीला जाड पडदा होता, आणि मधोमध प्रज्ञेशची खुर्ची होती. खुर्चीच्या चारही पायांच्या जागा त्याने फरशीवर चिकटपट्टीने आखून ठेवल्या होत्या, कारण झाडणारी बाई ती जरा सरकवायची आणि गाणं डावीकडे झुकायचं. मागच्या भिंतीशी पाहुण्यांसाठी उंच पाठीच्या खुर्च्या मांडलेल्या असत.

"पलंग आत टाकला तर गादी खर्ज खाते," प्रज्ञेशने सोनालीला समजावलं. "शास्त्र आहे त्यामागे. आईला हॉलमध्ये दिवाण टाकू. टीव्हीही जवळ पडेल तिला."

"त्यांना टीव्ही ऐकू येत नाही, प्रज्ञेश."

हे खरं होतं. यमुनाबाईंचे कान काही वर्षांपासून उतरणीला लागले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की दोन्ही कानांना चांगली यंत्रं हवीत, आणि कानाचं माप घेऊन साचा बनवून घ्या, नाहीतर यंत्र नीट बसणार नाही. प्रज्ञेशने टिळक रोडवरच्या एका दुकानातून एका कानाचं तयार यंत्र आणलं. सगळ्या कानांना बसतं, असं दुकानदार म्हणाला होता. सगळ्या कानांना बसतं ते कुठल्याच कानाला धड बसत नाही, हे स्पीकरच्या तारांबद्दल तासभर व्याख्यान देणाऱ्या प्रज्ञेशला कळायला हवं होतं. पण ते यंत्र त्याला स्वतःच्या कानात घालायचं नव्हतं.

ते यंत्र शिट्टी मारायचं. कशाला टेकलं, कानावर पदर घट्ट बसला, हात जवळ नेला, की बारीक, उंच, न थांबणारी शिट्टी. गंमत अशी की खुद्द यमुनाबाईंना ती ऐकू येत नसे. लोक वळून बघायला लागले की त्यांना कळायचं.

"विहारात वंदना झाली की सगळे शांत बसतात," त्यांनी एकदा जेवताना मुलाला सांगितलं. "आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. मी आता जात नाही रे."

"सेटिंग करून घेऊ, आई," प्रज्ञेश म्हणाला. त्याचं लक्ष मोबाइलवर होतं. तिथे कुणीतरी दोन प्रीॲम्पची तुलना टाकली होती. त्याने स्वतः ती शिट्टी कधी नीट ऐकली नव्हती. घरी असला की त्याच्या कानांवर बाहेरचे सगळे आवाज बंद करणारे हेडफोन असायचे, आणि आई त्या बाहेरच्या आवाजांतच मोडत होती.

सोनाली कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ती फारशी भांडायची नाही, मुद्दा मांडायची, आणि ते जास्त वाईट. प्रीॲम्पचा विषय निघाला त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. हल्लीच्या फ्लॅटमध्ये असतं तसं तिथेही स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंत नव्हती. दिवाणावर यमुनाबाई पाठमोऱ्या बसून धुतलेले कपडे घड्या घालत होत्या.

"एक खोका नको," सोनाली म्हणाली. "त्याऐवजी आईंना डॉक्टरांनी सांगितलेली दोन्ही यंत्रं आण. आणि ती खोली त्यांना दे."

"तू दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतेयस."

"दोन्ही ॲम्प्लिफायरच आहेत, प्रज्ञेश. एक कानाच्या आत, एक कानाबाहेर."

"अगं, आईचं वय बघ! या वयात तिला कुठे गाणं ऐकायचंय? शब्द कळले म्हणजे झालं." आवाज हळू करायची गरज त्याला वाटली नाही. "आणि ती खोली तिला दिली काय न दिली काय, ती दिवसभर हॉलमध्येच बसणार."

यमुनाबाईंनी हातातल्या शर्टाची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

प्रीॲम्प आला. दोन माणसांनी तो बाळंतिणीच्या खोलीत जावं तसा पाय न वाजवता आत नेला. चांदीसारखं अंग, पुढे एकच मोठं बटण, आणि ते फिरवताना बोटांना असं काही वाटायचं की प्रज्ञेश दिवसातून दहा वेळा नुसतं बटणच फिरवायचा. पण ऐकू मात्र काहीही वेगळं येत नव्हतं. तो खुर्चीत बसे, प्रीॲम्प लावून ऐके, काढून ऐके. गाणं जसंच्या तसं. त्याने डोळे मिटून पाहिले, मान तिरकी करून पाहिली. एका दुपारी तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते गाण्याने नाही, भीतीने. परचुरे सर म्हणतात तेच खरं निघालं तर? नसेलच कान आपल्या घराण्यात तर?

"सर, मुरू द्या त्याला," जयसिंग फोनवर म्हणाला. "लोणचं घातल्या दिवशी कुणी खातं का?"

आणि मग चमत्कार झाला. संध्याकाळी हॉलमध्ये पंखेवाला आला होता म्हणून यमुनाबाई चहाचा कप घेऊन गाण्याच्या खोलीत येऊन बसल्या. मागच्या उंच खुर्चीत बसल्या, डोकं पाठीला टेकलं, डोळे मिटले. प्रज्ञेशने हातानेच 'बस' म्हटलं आणि गाणं लावलं. आणि अचानक त्याला ते ऐकू आलं! गायिकेच्या आवाजाच्या वर, तंबोऱ्याच्याही वर, एक बारीक, तलम, लखलखीत काहीतरी. जसं काही गाण्यावर कुणी चांदीचा वर्ख लावला होता. प्रज्ञेश श्वास रोखून ऐकत राहिला. मुरला! प्रीॲम्प मुरला! त्याला हर्षाने रडूच कोसळायचं बाकी होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा प्रज्ञेशने बसल्या खुर्चीतून पुरा केला. मागे वळून बघण्याचं मात्र त्याला सुचलं नाही.

बाहेर येऊन त्याने सोनालीला सांगितलं, "फरक पडतो! विश्वास नसेल तर तुला काय चाचणी घ्यायचीय ती घे."

सोनालीने लगेच अटी मांडल्या. येत्या रविवारी मंडळ प्रज्ञेशकडेच होतं. यंत्रांवर चादर टाकायची. चादरीमागे सोनाली कधी प्रीॲम्प जोडेल, कधी काढेल. आवाजाची पातळी दोन्ही वेळी तंतोतंत सारखी. प्रीॲम्प आहे की नाही हे मंडळाने सांगायचं. ओळखलं, तर यंत्र राहील आणि आई हॉलमध्ये राहतील. नाही ओळखलं, तर यंत्र जयसिंगकडे परत, खोली आईंची, आणि त्या पैशातून दोन्ही कानांची यंत्रं.

"मान्य," प्रज्ञेश म्हणाला. त्याला इतकी खात्री होती की त्याने हात पुढे केला.

आईची खोली आपण पैजेवर लावतोय, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण त्या रुपेरी आवाजापुढे ते टिकलं नाही.

रविवारी सकाळी मंडळ जमलं. परचुरे सर आले, पांढरा झब्बा, खांद्यावर पिशवी. त्यांच्यामागे वैजनाथ, बँकेच्या संगणक विभागातला, जो सरांचं प्रत्येक वाक्य मान हलवून संपवायचा. आणि इम्तियाज तांबोळी, सीए, कॅम्पात राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. मंडळात तो मिसळीसाठी येतो असं वैजनाथ म्हणायचा, आणि इम्तियाज ते नाकारत नसे.

सोनालीने यमुनाबाईंनाही हाताला धरून आत आणलं आणि मागच्या उंच खुर्चीत बसवलं. "आई, तुम्हीही बसा. तुमच्याबद्दलच चाललंय."

परचुरे सरांच्या कपाळावर एक आठी आली आणि सभ्यपणे गेली. "बसू देत, बसू देत," ते म्हणाले. "यातलं कळायलाच हवं असं थोडंच आहे? देवळात काय सगळ्यांनाच संस्कृत येतं?"

यमुनाबाईंना यातलं 'बसू देत' एवढंच कळलं असावं. त्या हसल्या आणि पाठीला टेकून बसल्या.

सोनाली चादरीमागे गेली. गाणं सुरू झालं. सगळ्यांचे डोळे मिटले. प्रज्ञेशने ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ती आली होती. तीच ती बारीक, लखलखीत रेघ.

परचुरे सरांची मान तिरकी झाली. मग हात वर करून त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत हवेतून काहीतरी उचलल्यासारखं केलं. "आहे," ते म्हणाले. "निःसंशय आहे. वर एक रेघ उमटलीये बघा. रुपेरी. पूर्वी नव्हती."

"रुपेरीच," वैजनाथ म्हणाला. "मी म्हणणारच होतो."

"मला जरा दात शिवशिवल्यासारखं होतंय," इम्तियाज म्हणाला.

"सवय नाही तुम्हाला अजून," सरांनी त्याला माफ केलं.

चादरीमागे खुडखुड झाली. तेवढ्यात यमुनाबाई मिसळीचं बघायला म्हणून उठून गेल्या. गाणं पुन्हा लागलं, आणि सरांनी चार सुरांतच तोंड वाकडं केलं. "गेला. काढला सोनालीताईंनी. मेलं बघा गाणं! जमिनीवर आलं. पुन्हा तेच, सपाट." प्रज्ञेशलाही ते लख्ख कळलं. रेघ गेली होती! त्याने आनंदाने मांडीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आणि परचुरे सरांना एकाच वेळी एकच गोष्ट ऐकू येत होती.

यमुनाबाई मिसळीखालचा गॅस बारीक करून परत आल्या, पुन्हा टेकून बसल्या. सोनालीने पुन्हा काहीतरी बदललं. गाणं लागलं, आणि "आला!" असं सर आणि प्रज्ञेश एकदमच म्हणाले. सरांनी डोळे उघडून प्रज्ञेशकडे पाहिलं. त्या नजरेत नवल होतं, थोडासा आदर होता, आणि प्रज्ञेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सोनवणे," सर म्हणाले, "तुम्हाला…"

आणि गाणं थांबलं. सिंहगड रोडच्या बाजूला रस्ता खोदायचं काम चालू होतं, आणि तिथे कुणाच्या तरी कुदळीखाली इंटरनेटची तार आली की धायरीतलं संगीत बंद पडायचं. उंची प्रीॲम्पलाही हे चुकलेलं नव्हतं.

परचुरे सरांनी मात्र डोळे पुन्हा मिटून घेतले आणि तळहात वर केला. "थांबा. कुणी हलू नका. आता शांतता ऐका. साधं यंत्र गाण्याबरोबर गप्प होतं. हे बघा, गाणं थांबलं तरी ती रेघ तशीच आहे. गाण्याचा आत्मा मागे रेंगाळतोय. ह्याला म्हणतात प्रीॲम्प! आमच्या आजोबांच्या बैठकीत गवई उठून गेल्यावरही…"

"सर," इम्तियाज म्हणाला, "इंटरनेट बंद आहे. स्पीकरमधून काही येतच नाहीये."

"म्हणूनच तर!" सर म्हणाले.

इम्तियाजने डोळे उघडले होते. तो डोकं इकडेतिकडे वळवत उठला आणि मागच्या खुर्चीपाशी जाऊन वाकला. "मावशी, जरा पुढे होता?" त्याने हाताने खूण केली.

यमुनाबाई पुढे झाल्या. रेघ गेली.

"आता टेका."

त्या टेकल्या. रेघ आली.

स्पंज लावलेल्या त्या खोलीत ती शिट्टी इतकी स्वच्छ ऐकू येत होती की जयसिंगने ती विकली असती. चादर बाजूला करून सोनाली बाहेर आली. तिच्या हातात प्रीॲम्पची वायर लोंबत होती.

"पहिल्यांदा प्रीॲम्प नव्हता," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा होता. आत्ता नाहीये. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मं बरोबर आलं असतं. इतकं सलग चुकायलाही कान लागतो."

वैजनाथने पहिल्यांदाच मान हलवली नाही. परचुरे सरांचा चेहरा लाल झाला, पण माणूस पडला तरी नाक वर असलेला. "चाचणी शास्त्रीय पद्धतीने झालेली नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुठल्या कंपनीचं आहे हे कानातलं?"

प्रज्ञेशला हे ऐकू आलं नाही. तो आईकडे बघत होता. सगळेच तिच्याकडे बघत होते, आणि यमुनाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. पण असं वळून बघणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांचा चेहरा उतरला, हात घाईघाईने कानाकडे गेला.

"वाजतंय का?" त्यांनी विचारलं. "वाजत असेल. काढते, काढते." त्यांनी यंत्र काढून मुठीत दाबलं, मूठ पदराखाली घेतली, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ऐका तुम्ही. माझी काही अडचण नाही आता."

विहारातही ती अशीच मूठ आवळून बसत असणार, हे प्रज्ञेशला त्या क्षणी कळलं. आणि मग तिने तिथे जायचंच सोडलं. तिने सांगितलं होतं, आणि तो मोबाइलवर प्रीॲम्पची तुलना वाचत होता. त्याला इतकी शरम वाटली की परचुरे सरांकडे बघायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. 'सोनवणे, तुम्हाला…' नंतर सर काय म्हणणार होते, ते त्याने पुढे कधी विचारलं नाही.

मंडळींनी मिसळ मात्र खाल्ली. परचुरे सरांनी तर दुसऱ्यांदा कट मागून घेतला. जाताना ते दारात म्हणाले, "पाव ताजे होते." हे त्या दिवसातलं त्यांचं एकमेव बिनचूक विधान.

जयसिंग आला आणि खोका घेऊन गेला. असं कधी झालं नव्हतं, असं तो जिन्यात दोनदा म्हणाला. प्रज्ञेशने आखलेल्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या, स्पीकर हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला नेले, आणि खोलीत आईचा पलंग आला. भिंतींचा स्पंज तेवढा यमुनाबाईंनी काढू दिला नाही. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मागच्या लॉनवर लग्नं असतात. नवे कान आले की त्यांचा डीजे मला ऐकू येणार."

नवे कान आले. माप घेऊन, साचा बनवून, दोन्ही. ते घालून यमुनाबाई पहिल्या दिवशी घरभर हिंडल्या. फ्रिज बोलतो हे त्यांना नव्याने कळलं. सोनालीच्या बांगड्या त्यांनी दोनदा हलवायला लावल्या. रविवारी पांढरी साडी नेसून त्या विहारात गेल्या आणि परत आल्या तेव्हा कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "कुणी बघितलं नाही."

त्या संध्याकाळी प्रज्ञेश त्यांच्या खोलीत गेला. मोबाइलवर एक जुनं गाणं लावून त्याने तो पलंगावर ठेवला. ना डबी, ना ॲम्प्लिफायर, ना मध्यस्थ. यमुनाबाई उशीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. गायिकेने मधे श्वास घेतला तेव्हा त्यांनी भुवई वर केली.

"आवडलं?" त्याने विचारलं.

"हो. श्वास घेते ती मधे."

"हो ना!" प्रज्ञेशचा चेहरा फुलला. बरेच दिवस मनात साठलेलं बोलायची हीच वेळ आहे असं त्याला वाटलं. माणसाला माफी मागायची असली की तो आधी दुसऱ्या कशाला तरी दोष देतो, तसं तो म्हणाला, "ते आधीचं यंत्र म्हणजे नुसता खेळच होता, आई. मी उगाच तसलं आणलं. त्यातून तुला तर काही कळतच नसणार. इतके दिवस घरात कोण काय बोलतंय, काही नाही."

यमुनाबाईंनी मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला.

"गाणं कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "शब्द कळत होते."